ताकद दंडात असते की आणखी कुठे? हमाल, पैलवान आणि जिम

आडतदुकान (धागाकर्ता)

लातूरच्या बाजारात आमचं आडतीचं दुकान आहे. तुरीचा आणि सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की दिवसभर डोळ्यांसमोर वजनकाटा, पोती आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणारे हमाल.

त्यांच्यात एक मामा आहेत, साठीला टेकलेले. अंगावर मांस नाहीच, दंडाची शीर न् शीर मोजून घ्यावी. दोघांनी पोत्याचे दोन्ही कान धरून उचलायचं, मामांनी गुडघ्यात वाकून मान खाली घालायची, पोतं मानेमागे खांद्यांवर बसलं की एका हाताने आकडा रुतवायचा, आणि मग बारीक, पटापट पावलं टाकत फळी चढायची. पाय कुठे अडखळत नाही, की फळी हलत नाही.

माझा पुतण्या जिमला जातो. छाती, खांदे, दंड बघण्यासारखे. बेंच प्रेसला ८० किलो मारतो. परवा हौसेनं ५० किलोचं पोतं पाठीवर घेतलं. उभा राहिला, पण फळीवर तिसऱ्याच पावलाला पोतं एका अंगाला कललं आणि मुकादमाने धावत जाऊन धरलं.

तर मंडळी, ताकद असते तरी कुठे? मांस वाढतं तेव्हा शरीरात काय घडतं, आणि मांस न वाढता ताकद कशी येते? माझं मत विचाराल तर आपण आकार बघून ताकदीचा अंदाज बांधतो आणि तिथेच फसतो. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तांबडी_माती

लाखात एक बोललासा. माझं बालपण कोल्हापुरात तालमीच्या दारात गेलंय. आमचे वस्ताद नव्या पोराला पहिले काही महिने कुस्तीच धरू देत नसत. पहाटे जोर, बैठका, सपाट्या, आणि मग फावड्यानं हौद उकरायचा. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली माती ती. उकरून उकरून कंबर आणि मनगट असं घट्ट व्हायचं की धरलेला हात सुटायचा नाही.

जिमची पोरंही यायची आखाड्यात. अंग असं की बघत राहावं, पण मान धरून एक हिसडा दिला की पाय सुटले. कुस्तीची ताकद कुस्तीतच येते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोच्या आतला माणूस. त्या अंगाकडं बघून कोण म्हणेल ऑलिंपिकवीर?

निशिगंध

वाचतेय. वाखु (वाचनखूण) साठवली.

फिजिओ_पुणे

छान विषय. रोज पेशंटना समजावून सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

स्नायू आपल्या आपण आकसत नाही, त्याला मेंदूकडून मज्जारज्जूमार्गे हुकूम यावा लागतो. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे मोजकेच तंतू असतात, मांडीत किंवा पोटरीत शेकड्यांनी. काम हलकं असेल तर शरीर छोटी युनिटं वापरतं. वजन वाढलं किंवा झटक्याने जोर लावावा लागला की मोठी युनिटं कामाला येतात. हा क्रम हेनेमन या शास्त्रज्ञाने दाखवून दिला.

नवशिक्या माणसाला मोठी युनिटं एका दमात आणि पुरेशा वेगाने जागी करता येत नाहीत. शिवाय नको ते स्नायू मध्ये येऊन विरोध करतात. म्हणून व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत उचलता येणारं वजन भराभर वाढतं, पण टेप लावून दंड मोजला तर फरक नगण्य. ती सगळी कमाई मज्जासंस्थेची. मांस दिसण्याइतकं वाढायला पुढे महिने लागतात.

आता तुमचे मामा. बेंच प्रेस बाकावर पडून मारतात, पाठीला आधार असतो, वजन सरळ रेषेत वर जातं. पोतं उचलताना धड ताठ ठेवायचं, श्वास रोखून पोटात दाब धरायचा, घोटा, गुडघा, खुबा एकाच वेळी सांभाळायचा आणि वर हलणारी फळी. मामांच्या मज्जासंस्थेने हे वर्षानुवर्षं घोटलंय, पुतण्याच्या नाही. त्याच्याकडे कच्चा माल भरपूर आहे, थोडा सराव केला तर तो मामांच्या पुढेही जाईल.

आणखी एक गंमत. १८९४ मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चरच्या प्रयोगशाळेत एका हाताच्या पकडीचा सराव करून घेतला, तर सराव न केलेल्या हाताची पकडही वाढली. एक पाय प्लास्टरमध्ये असताना आम्ही दुसऱ्या पायाचा व्यायाम करून घेतो तो याच आधारावर.

चहा_बिस्किट

म्हणजे डाव्या हाताने डंबेल मारायचं आणि उजव्या हातात चहाचा कप धरायचा? असला व्यायाम असेल तर आमचं अख्खं ऑफिस उद्यापासून हजर :)

फिजिओ_पुणे

@चहा_बिस्किट, ताकद थोडी वाढेल, आकार नाही. आणि कप खाली ठेवा, दोन्ही हातांना काम आहे.

सूक्ष्मदर्शी

मज्जासंस्थेचं वर आलंय, मी मांसाच्या बाजूने लिहितो.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. स्नायू आकसतो तेव्हा हे धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी मांडलं, आणि योगायोग असा की दोन्हींत एक एक हक्सली होता.

तंतूवर चांगला ताण आला की पेशीला तो जाणवतो. आत एमटॉर नावाची संदेशांची साखळी सुरू होते आणि प्रथिनं बनवण्याचा वेग वाढतो. हा वाढलेला वेग एका व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस टिकतो. त्याच काळात आपण खाल्लेल्या प्रथिनांमधली अमिनो आम्लं तिथे जोडली जातात, नवे धागे बसतात, तंतू जाड होतो. मोठ्या माणसात तंतूंची संख्या जवळपास तीच राहते. दोरखंड जाड व्हावा तो पदर वाढून नव्हे, तर आहे तो प्रत्येक पदर जाड होऊन, तसं.

तंतूच्या कडेला सॅटेलाइट पेशी चिकटून असतात. अलेक्झांडर मॉरोने १९६१ मध्ये त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एरवी निपचित असतात, दुखापत किंवा जबर ताण आला की जाग्या होतात, तंतूत मिसळतात आणि आपलं केंद्रक त्याला देतात. एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात आणि प्रत्येकाने आपल्या आसपासचा भाग सांभाळायचा असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की व्यायाम सुटून तंतू बारीक झाला तरी मिळालेली केंद्रकं बराच काळ टिकून राहतात. जुना पैलवान पुन्हा मेहनतीला लागला की अंग पटकन का धरतो, याचं एक स्पष्टीकरण यात मिळू शकतं.

आयर्न_ठाणे

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा राहिला. स्नायू फाटतात आणि जोडले जाताना मोठे होतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर व्यायाम वायाच गेला. लॅक्टिक अॅसिड साचलं पाहिजे. माझ्या ट्रेनरने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

सूक्ष्मदर्शी

@आयर्न_ठाणे, इथे असहमत. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (तुम्ही म्हणता ते लॅक्टिक अॅसिड) तासाभरात उतरतं, ते दोन दिवसांनी दुखवायला कुठून येणार? उशिरा येणारं दुखणं हे तंतूंच्या सूक्ष्म इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं. वाढीला इजा व्हावीच लागते असंही नाही, ताण पुरेसा असला की झालं. इजा फार झाली तर मिळालेली प्रथिनं डागडुजीतच खर्च होतात.

घाटवाट

याचा अनुभव प्रत्येक ट्रेकरला आहे. हरिश्चंद्रगड चढताना छाती फुटायची वेळ येते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत त्या मांड्या गड उतरल्यामुळे धरलेल्या असतात. असं का?

फिजिओ_पुणे

@घाटवाट, अचूक निरीक्षण. उतरताना मांडीचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. असं काम तंतूंना सर्वांत जास्त दुखवतं. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गड केला तर दुखणं बरंच कमी असेल, एका खेपेनेही शरीर सावध होतं. @आयर्न_ठाणे, तुमच्याच नियमाने बघितलं तर दुसऱ्या गडावर व्यायाम झालाच नाही म्हणावं लागेल :)

आयर्न_ठाणे

हम्म. गडाचं उदाहरण पटलं. तरी जड वजनाशिवाय अंग होत नाही यावर मी ठाम आहे.

सूक्ष्मदर्शी

अर्धं मान्य. हलकं वजन घेऊन अगदी थकेपर्यंत केलं तरी मांस जवळपास तेवढंच वाढतं. मात्र एका दमात जास्तीत जास्त उचलण्याची ताकद हवी असेल तर जडच उचलावं लागतं. जोर-बैठकांनी पैलवानांच्या मांड्या आणि छाती भरतात ते पहिल्या प्रकारे.

पर्वती_पायथा

धागा पुण्याच्या एका संशोधनाशिवाय पुरा होणार नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो, पण आत मांस कमी आणि चरबी जास्त. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच आढळलं.

मधुमेहाशी याचा थेट संबंध आहे. जेवणानंतर इन्सुलिन आलं की रक्तातल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि स्नायू काम करत असेल तर इन्सुलिनशिवायही साखर आत घेतो. त्यामुळे 'मी कुठे जाड आहे, मला व्यायाम कशाला' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झालं पाहिजे. फार कळकळीने सांगतोय, माझ्या घरात तीन पिढ्यांचा मधुमेह आहे.

निशिगंध

मग माझा प्रश्न विचारतेच. आई ७२ वर्षांची आहे. जमिनीवर बसली की उठताना कॉटचा आधार लागतो. मागच्या महिन्यात मोरीत तोल गेला, थोडक्यात निभावलं. आता सगळे नातेवाईक 'जपून राहा, काही उचलू नको' म्हणतायत. या वयात स्नायू वाढतात तरी का?

फिजिओ_पुणे

@निशिगंध, वाढतात, आणि याच वयात त्यांची सर्वांत जास्त गरज असते. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी ९० वर्षांच्या दहा अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे मांडीचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला. एकाला मध्येच थांबावं लागलं. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतला स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. नव्वदीतसुद्धा मज्जासंस्था शिकते.

'काही उचलू नको' हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण माणूस त्यानेच खचतो. बसून राहिलं की मांडी झपाट्याने वाळते आणि पुढचं पडणं जवळ येतं. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हाडांची घनता तपासून घ्या. मग भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हात छातीशी घेऊन उठायचं आणि सावकाश बसायचं. उतरताना तीन आकडे मोजायचे. जमेल तेवढ्या वेळा, एक दिवसाआड. दहा वेळा सहज झालं की हातात पाण्याची भरलेली बाटली द्या किंवा थोडी बुटकी खुर्ची घ्या. श्वास रोखायचा नाही. मोरीत दांडी बसवून घ्या, ती आजच.

मृदगंध_अमरावती

आमच्याकडे बायकांनी वजन उचललं की 'पुरुषी अंग होईल' असं अजून म्हणतात. माझी लेक वेटलिफ्टिंग करते, तिलाही ऐकावं लागतं.

फिजिओ_पुणे

@मृदगंध_अमरावती, लेकीला शाबासकी सांगा. बायकांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक पुरुषांच्या मानाने अगदी थोडं असतं, तसं अंग सहजासहजी होत नाही. मात्र आहे त्या ताकदीच्या प्रमाणात बायकांची वाढ पुरुषांइतकीच होते. आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात तेव्हा आधी उचललेलं वजन कामी येतं. बोलणाऱ्या बाया रोज पाण्याने भरलेली कळशी उचलत आल्या आहेत, ते वजन नाही तर काय?

कष्टकरी_कन्या

सगळं वाचलं. मूळ लेखाबद्दल थोडं बोलायचं आहे.

माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. तेव्हा पोतं १०० किलोचं असायचं. त्यांच्या मानेमागे घट्टा होता, हाताला लाकडासारखा लागायचा. आई रात्री कोमट तेल लावायची तेव्हा ते डोळे मिटून बसत. लोक त्यांच्या ताकदीचं कौतुक करायचे, पण पन्नाशीनंतर त्यांना पूर्ण मान वळवता येत नव्हती. लादी पुसायची बादली उचलतानाही गुडघ्यावर हात ठेवायचे. मामांची मान आणि गुडघे एकदा विचारा हो. १९६९ चा माथाडी कायदा आला, पोत्याचं वजन कमी करण्यासाठी माणसं रस्त्यावर आली, ती काही उगाच नाही.

आणि एक प्रश्न जाणकारांना. रोज एवढं वजन उचलून त्यांच्या अंगाला मांस का लागलं नाही?

फिजिओ_पुणे

@कष्टकरी_कन्या, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले जरा. हा प्रश्न मी स्वतःच काढायला हवा होता.

अंग धरायला तीन गोष्टी लागतात: वाढता ताण, खाणं आणि विश्रांती. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डेलॉर्म या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे केले ते वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन. हमालाचं वजन टप्प्याने वाढत नाही, रोज तेच. शरीर त्याला पुरेल एवढंच बदलतं आणि थांबतं. खेपा मात्र वाढत जातात, त्या झीज करतात. विश्रांती हंगामात नसतेच. कण्याच्या गाद्या आणि गुडघ्याच्या कूर्चेला रक्तपुरवठा जवळपास नाही, त्यांना भरून यायला स्नायूपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

सूक्ष्मदर्शी

आणि खाण्याचा हिशेब मी मांडतो. ५५ किलोच्या माणसाला साधारण जगण्यासाठीच दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात (आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण किलोला ०.८३ ग्रॅम). वजनाचे व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, म्हणजे ८८ ग्रॅम. दिवसाच्या सहा भाकरी धरल्या तर ज्वारीतून ३६ ग्रॅमच्या आसपास, दोन वाट्या पातळ आमटीतून ८-१० ग्रॅम. बेरीज ४५. एवढ्यात बसल्या माणसाचं भागेल. शिवाय ज्वारीत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी, त्यामुळे त्यातलं सगळं सारखं उपयोगी नाही. उष्मांकही कमी पडत असतील तर शरीर खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जाळतं. मांस लागणार कुठून?

तांबडी_माती

हेच! तालमीत मेहनतीएवढंच खुराकाला महत्त्व. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. आणि दुपारची झोप, ती मोडली तर वस्ताद काठी काढायचे. शाहू महाराजांनी पैलवान पोसले म्हणतात ते शब्दशः, खुराक दरबारातून. गरिबाघरचा पोरगा नुसत्या जोरावर पैलवान होत नाही. किती तरी चांगली पोरं खुराकापायी तालीम सोडून गेलेली बघितलीत मी.

कष्टकरी_कन्या

धन्यवाद सर्वांना. खाण्याचं निघालं म्हणून सांगते. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केलं ते याच कारणाने, कष्टकऱ्याला परवडेल असं पोटभर जेवण. वडील झुणका-भाकर तिथेच खायचे.

सूक्ष्मदर्शी

झुणका-भाकर शास्त्रानेही उत्तम. ज्वारीत कमी पडणारं लायसिन बेसनात भरपूर असतं.

आडतदुकान

धागा काढताना वाटलं नव्हतं इतकं मिळेल. @कष्टकरी_कन्या, तुमचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, शर्टाची कॉलर खाली करून मानेचा घट्टा दाखवला.

मुकादमाशी आणि शेजारच्या दोन आडत्यांशी बोलून ठरवलंय, हंगामभर दुपारी सगळ्या हमालांना मोठी वाटी उसळ आणि उकडलेली अंडी, खर्च आमच्याकडे. जे अंडी खात नाहीत त्यांना मूठभर फुटाणे-शेंगदाणे. सलग खेपांच्या मध्ये बसायला सावलीत बाकही टाकतोय. पुतण्या म्हणतो, फळीऐवजी गोदामाच्या उंचीचा पक्का धक्का बांधू आणि हातगाडीने माल चढवू. त्याचं अंदाजपत्रक काढायला सांगितलंय. कुणाला अशा धक्क्याचा अनुभव असेल तर उंची किती ठेवावी ते सांगा.

घाटवाट

ट्रकच्या हौद्याची उंची मोजूनच ठरवा, आणि गाड्या वेगवेगळ्या येत असतील तर मध्ये लोखंडी पत्र्याचा उतार ठेवा. पावसाळ्यासाठी त्यावर आडव्या पट्ट्या मारून घ्या, नाहीतर चाकं आणि पाय दोन्ही घसरतील.

निशिगंध

दांडी बसवली. आई आज चार वेळा आधाराशिवाय उठली. @आडतदुकान, उसळ रोजची असेल तर मटकी घ्या, मोड लवकर येतात आणि चण्यापेक्षा गॅस कमी लागतो.